न मागितलेले सहा आकडे

१

माझं काम कान तपासायचं. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी सांगते, मी डॉक्टर नाही. ते पुन्हा डॉक्टरच म्हणतात. ऐकू कमी येतं म्हणून तर आलेले असतात बिचारे.

दवाखाना तीन खोल्यांचा. पुढे बाकं आणि टेबल, टेबलाशी माझी नणंद. मधली खोली माझी, तिथे तपासणीचं यंत्र. आणि पलीकडे, दुहेरी काचेच्या आड, बाहेरचा आवाज न शिरणारी छोटी खोली. भिंतींना राखाडी फोम, वीतभर जाडीचं दार, आत एक खुर्ची, हेडफोन आणि वायरीला लोंबणारं बटण. नणंद त्या खोलीला कपाट म्हणते.

"वहिनी, पुढच्यांना कपाटात घालू का?" असं ती भर लोकांत ओरडून विचारते. ज्यांना ऐकू येतं ते दचकतात.

तपासणी साधी असते. मी बाहेरून बारीक सूर सोडायचे. आतल्या माणसाला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, म्हणजे माझ्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. मग शब्द. तोंडापुढे पुठ्ठा धरून मी माइकमध्ये म्हणायचं, "पाणी," आतून उत्तर यायला हवं, "पाणी." कुणी "नाणी" म्हणतं, कुणी "राणी". त्यावरून मला कळतं, कान कुठे उणा आहे.

एकवीस वर्षं मी हेच करते आहे. तर एका मंगळवारी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, माझा मोबाइल वाजला. माझ्या ईमेलमध्ये शिरण्यासाठी लागणारा सहा आकडी कोड आला होता. खाली नेहमीचं वाक्य: हा कोड तुम्ही मागितला नसेल तर दुर्लक्ष करा, आणि तो कुणालाही सांगू नका.

मी मागितला नव्हता. मी दुर्लक्ष केलं.

तो आकडा मी इथे लिहिणार नाही. नंतर आलेलेही नाही.

२

बुधवारी अकरा चाळीसला दुसरा कोड आला. गुरुवारी तिसरा.

"कुणीतरी चुकून तुमचा पत्ता टाकत असेल," वन्सं म्हणाल्या. नणंद माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून तोंडावर मी तिला वन्संच म्हणते.

"रोज एकाच मिनिटाला?"

"शिस्तीचा माणूस असेल."

मी हसले, पण त्याच दुपारी पासवर्ड बदलला. चांगला वीस अक्षरांचा केला, मलाच पाठ व्हायला दोन दिवस लागले. जिथे जिथे खातं उघडं होतं तिथून ते बंद केलं. संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ आमच्याकडे येतात, त्यांना बोलावलं. त्यांनी तासभर चहा घेत सगळं तपासलं.

"काही नाही, ताई. आत कुणीच आलेलं नाही. दाराबाहेरचा माणूस कडी वाजवतोय, एवढंच. कोड दिला नाहीत तर तो जन्मभर वाजवत बसेल."

"तो कुठून वाजवतोय ते कळेल का?"

त्यांनी काहीतरी उघडून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "हे चुकीचं दाखवतंय," ते म्हणाले. "कधी कधी दाखवतं असं."

पडद्यावर आमच्याच दवाखान्याचा पत्ता होता.

त्या खात्यात चोरण्यासारखं काय होतं? रुग्णांचे अहवाल होते. आणि ह्यांची पत्रं होती. माझे यजमान जहाजावर इंजिनं सांभाळायचे. वर्षातले नऊ महिने समुद्रावर असायचे आणि तिथून माझ्या पत्त्यावर लिहायचे, बहिणीलाही त्यातच. "हे तिला वाचून दाखव," म्हणायचे. पुढे पुढे लिहायचा कंटाळा यायला लागला, तेव्हा बोलून पाठवायला लागले. तसे एक्केचाळीस निरोप होते. हे गेले त्याला चार वर्षं झाली.

म्हणजे चोरण्यासारखं काही नव्हतं, पण गमावण्यासारखं सगळंच होतं. मी मनाशी ठरवलं, कडी वाजवणारा कोणी का असेना, दार उघडायचं नाही.

३

शुक्रवारी घड्याळकाका आले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता दुकान मुलीकडे दिलंय. त्यांची तक्रार एकच, घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. "बंद पडलंय की चाललंय, हे आता डोळ्यांनी बघावं लागतं हो मॅडम. लाज वाटते."

सूर झाले, शब्द सुरू झाले. मी पुठ्ठा तोंडापुढे धरला.

"माती."

"माती."

"खुर्ची."

"खुर्ची."

मला ठसका लागला. मी माइक बंद केला, पाणी प्यायले. काचेपलीकडे घड्याळकाका डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होते. आणि मग, अगदी सावकाश, त्यांनी सहा आकडे म्हटले.

त्यांचं बोलणं माझ्या स्पीकरवर येतं. एकेक आकडा, मधे सारखंच अंतर. मी माइककडे पाहिलं. बंद होता.

त्यांनी डोळे उघडले. "बरोबर?" असं खुणेने विचारलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. अकरा चाळीस. मी कोड वाचला. काकांनी म्हटलेलेच सहा आकडे होते, त्याच क्रमाने.

मी दार उघडून आत गेले. "काका, हे आकडे कुणी सांगितले तुम्हाला?"

"तुम्हीच की," ते म्हणाले. मग ओशाळले. "चुकले का? मला वाटलं, शब्द झाले, आता आकडे विचारताय."

४

घाबरण्याआधी माणसाने कारण शोधावं, हा माझा स्वभाव. घसा बसला की वापरायला म्हणून मी शब्दांची यादी माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवली होती. ती चुकून सुरू झाली असेल. पण त्या यादीत आकडे नव्हतेच. बरं, असते तरी मोबाइलवर यायच्या आधी ते माझ्या यंत्राला कसे कळणार? आणि हे पटवून घेतलं तरी एक प्रश्न उरत होताच. ज्याला कोड आधीच माहीत आहे, तो मुकाट्याने टाकून आत का येत नाही?

ते रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. यंत्र कंपनीच्या माणसाकडून तपासून घेतलं. पुढच्या आठवड्यात अकरा ते बारा या वेळात कुणालाच कपाटात बसवलं नाही. कोड येत राहिले.

मग एक दिवस वन्संचा गोंधळ झाला. गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या, डाव्या कानाला दडे बसल्यासारखं होतं म्हणून आलेल्या. वन्संनी त्यांना साडेअकराची वेळ देऊन टाकली. मी तपासणी भराभर आटोपत होते. अकरा चाळीसला मी माइकला हातही लावलेला नव्हता, आणि बाईंनी सहा आकडे म्हटले. मोबाइल वाजला. मग बाईंच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी हेडफोन काढले आणि स्वतःच दार ढकलून बाहेर आल्या.

"कोण आहे ती?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"आवाज तुमचा आहे. पण तुम्ही नाही. तुम्ही बोलताना मधे श्वास घेता, सगळीच माणसं घेतात. ती घेत नव्हती." बाई शांतपणे बोलत होत्या. चुकलेला सूर विद्यार्थ्याला दाखवावा तशा. "ती म्हणाली, हे आकडे मोठ्याने म्हणा. मी म्हटले. तर म्हणते, तुम्ही नव्हे. त्यांना म्हणू दे."

"त्यांना म्हणजे?"

बाईंनी पर्स उचलली. "काचेबाहेर बसल्यात ना, त्यांना."

५

बाई पुन्हा आल्या नाहीत. मला मात्र एक गोष्ट लख्ख कळली. इतक्या दिवसांत मी एकदाही तो कोड तोंडाने म्हटलेला नव्हता. वन्संना दाखवला तोही मोबाइल पुढे करून. दिवसभर शब्द उच्चारून उच्चारून मला घरी-दारी बोलायचा कंटाळा, त्या कंटाळ्याने मला वाचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रुग्णच घेतले नाहीत. वन्संना बाजारात पाठवलं. अकरा पस्तीसला रिकाम्या कपाटाचं दार लावलं आणि यंत्रापाशी बसले. काचेतून खुर्ची दिसत होती. खुर्चीवर हेडफोन. बटण वायरीला लोंबत होतं, ते हलत नव्हतं.

माझ्याकडे जो येतो त्याचे कान मी तपासते. म्हटलं, याचेही तपासू.

उजवा कान, हजार हर्ट्झ. मी सूर सोडला. हिरवा दिवा लागला.

एकवीस वर्षांची सवय हातांत असते. मी आवाज कमी केला. दिवा. आणखी कमी. दिवा. आणखी कमी केला तेव्हा लागला नाही. म्हणजे त्याच्या ऐकण्याला हद्द होती. मी आलेखावर खूण केली. पुढचा सूर. डावा कान. पंधरा मिनिटं मी त्या रिकाम्या खुर्चीची रीतसर तपासणी केली. मधे मोबाइल वाजून गेला, मी बघितलं नाही.

मग आलेख उजेडात धरला.

प्रत्येकाचा आलेख वेगळा असतो, सहीसारखा. हा मी ओळखत होते. डाव्या कानाला चार हजारांवर खोल खड्डा. लहानपणी शेजारी ट्रकचं टायर फुटलं होतं, तेव्हापासूनचा. तो माझा आलेख होता.

पण उजव्या कानात एक ठिकाणी काहीतरी चूक होती. दोन हजारांवर माझा कान धडधाकट आहे, दहा डेसिबललाही ऐकतो. इथे मात्र चाळीस होईपर्यंत दिवा लागलाच नव्हता. हा चाळीस मी कुठेतरी पाहिला होता.

संगणक उघडून ईमेलमधला माझा जुना अहवाल काढला. कागदावर बरोबर असलेला आकडा टाइप करताना मी चुकले होते. दहाच्या जागी चाळीस लिहिलं होतं. ती चूक जगात फक्त त्या एका फाइलमध्ये होती.

म्हणजे आतलं जे काही होतं, त्याला माझ्यासारखं ऐकू येत नव्हतं. ते माझा अहवाल वाचून ऐकण्याचं सोंग करत होतं. आणि तो अहवाल वाचता येतोय, म्हणजे ते केव्हाच खात्याच्या आत होतं.

कडी बाहेरून वाजतच नव्हती. ती आतून वाजत होती.

६

"खातं बंद करायचं," मी वन्संना म्हटलं. "कायमचं. सगळ्यासकट."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या भाजीची पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होत्या. त्यांना पटलं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

"आधी दादाचे निरोप काढून घ्या," त्या म्हणाल्या.

"नाही."

"एक्केचाळीस आहेत, वहिनी."

"मोजलेत मीही. वन्सं, त्यातला एक जरी बाहेर काढला तरी त्याला धरून काय बाहेर येईल, सांगता येत नाही."

"आवाज आहे त्याचा," त्या म्हणाल्या. "फोटो आहेत आपल्याकडे. पण आवाज तेवढाच आहे."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. बराच वेळ पिशवीतल्या भाजीची देठं मोडत बसल्या आणि मग म्हणाल्या, "तुमचा नवरा होता. तुमचं खातं आहे. करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला आम्ही दोघी संगणकापुढे बसलो. खातं बंद करण्याची पानं एकामागून एक आली. नक्की ना? नक्की. यातलं काहीही परत मिळणार नाही, समजलं ना? समजलं. शेवटी संगणकाने कोड मागितला. या वेळी तो मीच मागवला होता.

मोबाइल वाजला. त्याच क्षणी माझ्या यंत्रावरचा हिरवा दिवा लागला आणि लागूनच राहिला. काचेपलीकडे खुर्ची रिकामी होती.

वन्सं सवयीने मोबाइलकडे वाकल्या. "वाचून दाखवू का?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की त्या मागे सरल्या. मी दात आवळले, जीभ टाळ्याला लावली आणि आकडे एकेक करून टाइप केले. मनात म्हणायचेही टाळले, नुसते आकार बघितले. सहावा आकडा टाकताना स्पीकरवर कुणीतरी श्वास न घेता, भराभर, माझ्या आवाजात काहीतरी म्हणायला लागलं. मी बटण दाबलं.

खातं बंद झालं. दिवा विझला.

वन्सं उठून बाहेर गेल्या. मला रडू आलं नाही. मी यंत्र बंद केलं, हेडफोनची पिन उपटून काढली आणि कपाटाला बाहेरून कडी लावली.

७

नऊ दिवस काही झालं नाही. अकरा चाळीस यायचे, जायचे. मी रुग्णांना दुसरीकडे पाठवत होते, नव्या खोलीसाठी चौकशी करत होते. वन्सं टेबलाशी बसायच्या, पण भर लोकांत ओरडणं थांबलं होतं. विचारलं तेवढंच बोलायच्या. म्हटलं, दुखावल्यात, येतील हळूहळू माणसांत.

दहाव्या दिवशी मी कपाटातून फाइल काढत होते. म्हणजे खऱ्या कपाटातून, लाकडी. बाहेर टेबलावरचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. मी डोकावले. वन्संची खुर्ची रिकामी होती.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा एक्केचाळीस झाले होते.

मी वळून काचेतून पाहिलं. वन्सं आत बसल्या होत्या. डोक्याला हेडफोन, डोळे मिटलेले, हातात त्यांचा मोबाइल. हेडफोनची वायर पायाशी लोंबत होती, तिची पिन मोकळी जमिनीवर पडली होती. कशालाही न जोडलेले हेडफोन लावून त्या ऐकत होत्या, आणि हसत होत्या. चार वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

त्यांचे ओठ हलले. काचेतून आवाज येत नाही, पण बहिऱ्या माणसांत आयुष्य गेल्यावर ओठ वाचता येतातच. त्या म्हणाल्या, "हो दादा. सांगते." त्यांनी डोळे उघडून मोबाइलकडे पाहिलं.

पहिला आकडा.

दार वीतभर जाडीचं, जड. मी दोन्ही हातांनी ओढलं. ते उघडेपर्यंत त्यांचे चार म्हणून झाले होते. मी आत शिरले तेव्हा पाचवा तोंडातून बाहेर पडत होता. मी माझा तळहात त्यांच्या तोंडावर दाबला. सहाव्या आकड्याचे ओठ माझ्या तळव्याला लागून हलले. कोणता आकडा तो मला कळला. पण आवाज बाहेर पडला नाही.

वन्संनी माझं मनगट धरलं. नखं रुतवली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. मी दुसऱ्या हाताने त्यांचं डोकं पोटाशी घट्ट धरलं. मोबाइल त्यांच्या मांडीवर पडला होता. या वेळी कोड त्यांच्या ईमेलचा होता, आणि खाली लिहिलं होतं, हा कोड दहा मिनिटं चालेल.

मी ठरवलं, मग दहा मिनिटं.

माझा कान हेडफोनजवळच होता. आतून बारीक आवाज येत होता. ह्यांचाच. मागे इंजिनांची घरघर, तीही तशीच. "काय गं, सांग ना. पुढे सांग." हे गेल्यावर तीन वर्षं मी त्यांचे निरोप उशाशी लावून झोपत होते. ते दर वाक्याला थांबून श्वास घ्यायचे, हे जिने त्यांच्या शेजारी रात्री काढल्या तिला माहीत असतं. हा घेत नव्हता. मी हात आणखी घट्ट केला.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आवाज माझा झाला. "वन्सं, सांगून टाका हो. मी आहे ना." वन्संनी दचकून वर माझ्या मिटल्या तोंडाकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्यांनी माझं मनगट सोडलं, आणि माझा हात स्वतःच्याच दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला.

शेवटी त्याने वन्संचाच आवाज घेतला. पाच आकडे म्हणायचे आणि थांबायचं. पुन्हा पाच आकडे, आणि थांबायचं. शिकवलेलं मूल अडतं तसं. दर वेळी ते थांबणं थोडं लांबत गेलं, आणि त्या शांततेत काहीतरी आमच्या दोघींच्या अगदी जवळ येऊन कान देत होतं. फोमच्या भिंतीवर माझ्या खांद्यापाशी एक जागा हळूच आत दबली. कुणी हात टेकावा तशी. मी तिकडे मान वळवली नाही.

मोबाइलवर मिनिटं बदलत होती. सात. आठ. माझा हात बधिर झाला. वन्संच्या नाकातून येणारा गरम श्वास मी मोजत राहिले, आत, बाहेर, आत, बाहेर. त्या खोलीत श्वास घेणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

दहावं मिनिट उलटलं. आवाज पाचव्या आकड्यानंतर थांबला तो थांबलाच. भिंतीवरचा दबलेला फोम सावकाश फुगून सरळ झाला.

तरी मी आणखी पाच मिनिटं हात काढला नाही.